स्मरण आणि समागम : पुणे शहरातील कॅथलिक समाजाची संतवंदना व मृतांसाठी प्रार्थनेची परंपरा

प्रस्तावना

पुणे शहराच्या धार्मिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने कसबा, पर्वती, आळंदी व देहू या केंद्रांभोवती झालेले आहे. शहराच्या पूर्वेकडील पेठा आणि लष्कर भाग येथे गेली दोन शतकांहून अधिक काळ वास्तव्य करून असलेल्या कॅथलिक ख्रिस्ती समाजाकडे अभ्यासकांचे लक्ष गेलेच, तर ते शाळा, रुग्णालये व चर्चच्या इमारती यांपुरते मर्यादित राहिले. या समाजाच्या श्रद्धाजीवनाला आकार देणाऱ्या दोन आचारांची, म्हणजे संतांना दिल्या जाणाऱ्या मानाची आणि मृतांसाठी केल्या जाणाऱ्या प्रार्थनेची, इतिहासाच्या अंगाने फारशी चर्चा झालेली नाही. प्रस्तुत निबंधात या दोन आचारांचा उगम, त्यांचा मराठी प्रदेशात झालेला प्रवेश, त्यांच्यावर घेतले गेलेले आक्षेप आणि पुण्यातील त्यांचे स्वरूप यांचा क्रमाने विचार केला आहे.

निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल. संतवंदना आणि मृतांसाठी प्रार्थना हे दोन स्वतंत्र आचार नसून एकाच धारणेच्या त्या दोन बाजू आहेत. पुण्यासारख्या, सैनिक, नोकरवर्ग व मजूर यांच्या स्थलांतरातून वसलेल्या कॅथलिक वस्तीत या धारणेला विशेष सामाजिक अर्थ प्राप्त झाला. ज्यांची नावे इतिहासाने नोंदवली त्यांचे स्मरण पहिला आचार करतो, तर ज्यांची नावे कोणीच नोंदवली नाहीत त्यांचे स्मरण दुसरा आचार करतो. या दृष्टीने पाहिल्यास जुन्या दफनभूमी आणि चर्चमधील मृत्युनोंदवह्या ही केवळ धार्मिक मालमत्ता नसून शहराच्या सामाजिक इतिहासाची साधने ठरतात.

१. धारणेचे स्वरूप

कॅथलिक श्रद्धेनुसार ख्रिस्तसभा ही केवळ हयात माणसांची संघटना नाही. पृथ्वीवर वाटचाल करणारे, मृत्यूनंतर शुद्धीच्या अवस्थेत असलेले आणि स्वर्गीय वैभवात पोचलेले असे तिचे तीन वर्ग मानले जातात व या तिन्हींमध्ये अखंड देवाणघेवाण चालते असे समजले जाते. प्रेषितांच्या श्रद्धासूत्रात उल्लेखिलेला संतसमागम तो हाच. जे पुढे पोचले त्यांच्याकडे मध्यस्थीची विनंती करायची आणि जे वाटेत आहेत त्यांच्यासाठी स्वतः मध्यस्थी करायची, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. केवळ ईश्वराला अर्पावयाची आराधना, जिला ग्रीक संज्ञेवरून लात्रिया म्हणतात, आणि संतांना द्यावयाचा आदर, ज्याला दुलिया म्हणतात, यांत कॅथलिक धर्मशास्त्र गुणात्मक फरक करते. कुमारी मरियेला दिला जाणारा मान दुलियाहून वरच्या श्रेणीचा असला, तरी तोही आराधनेच्या कक्षेत येत नाही. मूर्ती व चित्रे यांच्यासंबंधी इ. स. ७८७ च्या नायसिया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने हाच भेद अधिकृतपणे मांडला. म्हणून मराठीत सहजपणे वापरला जाणारा 'संतपूजा' हा शब्द कॅथलिक अर्थाने काटेकोर नाही. 'संतवंदना' हा शब्द अधिक योग्य वाटतो व प्रस्तुत निबंधात तोच योजला आहे.

२. युरोपातील ऐतिहासिक विकास

संतवंदनेचा आरंभ हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी झाला. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मिर्ना येथे पॉलिकार्प याला ठार मारण्यात आले तेव्हा तेथील ख्रिस्ती समूहाने त्याच्या अस्थी मौल्यवान ठेव्याप्रमाणे जतन केल्या आणि दरवर्षी त्याच्या मृत्युदिनी एकत्र येण्याचे ठरविले. या दिवसाला त्यांनी जन्मदिवस मानले, कारण हुतात्म्याचा खरा जन्म स्वर्गात होतो अशी त्यांची समजूत होती. आजही कॅथलिक पंचांगात संताचा सण सामान्यतः त्याच्या मृत्युदिनी येतो. ख्रिस्ताचा जन्म सोडला, तर ८ सप्टेंबरचा मरियेचा आणि २४ जूनचा योहान बाप्तिस्ता याचा, असे दोनच जन्मदिवस सार्वत्रिक पंचांगात पाळले जातात. जयंतीपेक्षा पुण्यतिथीला अधिक महत्त्व देणाऱ्या आणि तुकाराम बीज व ज्ञानेश्वरांचा संजीवन समाधी सोहळा पिढ्यान्‌पिढ्या साजरा करणाऱ्या महाराष्ट्रीय वाचकास ही कल्पना अपरिचित वाटू नये.

प्रारंभी स्थानिक समूहाची मान्यता हीच संतपदाची कसोटी होती. रोमच्या पोपने विधिपूर्वक संतपद जाहीर केल्याचे पहिले ज्ञात उदाहरण इ. स. ९९३ मधील आहे. त्या वर्षी ऑग्सबर्गचा बिशप उलरिक याला हे पद देण्यात आले. पुढील काही शतकांत हा अधिकार रोमकडे केंद्रित झाला.

मृतांसाठी प्रार्थनेची मुळे ख्रिस्तपूर्व यहुदी परंपरेत सापडतात. मक्काबी ग्रंथाच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायात यहूदा मक्काबी याने रणात पडलेल्या सैनिकांच्या पापक्षालनार्थ निधी गोळा करून यरुशलेमला पाठविल्याचे वर्णन आहे. इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे हुतात्मा झालेल्या पर्पेतुआ हिच्या कारावासातील टिपणांत आपल्या दिवंगत धाकट्या भावासाठी तिने केलेल्या प्रार्थनेचा उल्लेख आढळतो. संत ऑगस्टीन याने आपल्या आत्मनिवेदनात आई मोनिका हिची अंतिम इच्छा नोंदविली आहे. देह कोठेही पुरला तरी चालेल, परंतु वेदीपाशी आपले स्मरण व्हावे, एवढीच तिची मागणी होती. घरापासून दूर, परमुलखात मरण आलेल्या स्त्रीची ही इच्छा पुण्यातील कॅथलिक इतिहासाच्या संदर्भात पुन्हा आठवावी लागते.

२ नोव्हेंबर हा सर्व मृत विश्वासूजनांच्या स्मरणाचा दिवस म्हणून रूढ होण्याचे श्रेय फ्रान्समधील क्लूनी मठाचा प्रमुख ओदिलो याला दिले जाते. दहाव्या शतकाच्या अखेरीस त्याने आपल्या अधिपत्याखालील मठांना हा दिवस पाळण्याचा आदेश दिला. १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण त्यापूर्वीच, नवव्या शतकात, पश्चिम युरोपात स्थिर झालेला होता. दोन्ही दिवस पाठोपाठ येतात ही बाब अर्थपूर्ण आहे. शुद्धिस्थान या संकल्पनेला स्वतंत्र नाम व स्थळाचे रूप बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले, असे फ्रेंच इतिहासकार जाक ल गॉफ याने १९८१ मधील आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले. प्रार्थनेचा आचार मात्र त्याहून कितीतरी जुना आहे. म्हणजेच येथे आचार आधी व सिद्धांत नंतर असा क्रम दिसतो.

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथर याने पापदंडमुक्तीच्या विक्रीवर आक्षेप घेतला आणि पुढे हा वाद संतांची मध्यस्थी व शुद्धिस्थान या संपूर्ण धारणेपर्यंत पोचला. डिसेंबर १५६३ मध्ये ट्रेंट धर्मपरिषदेच्या अखेरच्या सत्रात कॅथलिक पक्षाने या दोन्ही धारणांचा पुनरुच्चार केला. त्याच वेळी कुतूहल, अंधश्रद्धा आणि द्रव्यलोभ यांस वाव देणारे प्रकार बंद करण्याची सूचनाही बिशपांना दिली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने प्रत्येक धर्मग्रामात मृत्यूची नोंदवही ठेवणे विहित केले. इतिहासाच्या अभ्यासकास या नोंदवहीचे मोल किती आहे, याचा विचार पुढे केला आहे.

३. मराठी भाषेतील ख्रिस्ती संतचरित्रे

ट्रेंटोत्तर कॅथलिक धर्म गोवा व उत्तर कोकणात पोचला तेव्हा संतकथा स्थानिक भाषेत सांगण्याची गरज मिशनऱ्यांना जाणवली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रकाशित झाले, हे सर्वश्रुत आहे. त्याच परंपरेत एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने प्रेषित पेत्र याच्या जीवनावर ओवीबद्ध पुराण रचले. त्याचे भाग १६२९ व १६३४ मध्ये मुद्रित झाले. आंतोनियु द साल्दान्य याने पादुआच्या संत अंतोनीचे चरित्र 'सांतु आंतोनिची जिवित्वकथा' या नावाने १६५५ मध्ये सिद्ध केले. महिपतीने अठराव्या शतकात भागवत संप्रदायातील संतांची चरित्रे ओवीबद्ध केली. त्यापूर्वी सुमारे शतकभर ख्रिस्ती संतांची चरित्रे याच प्रदेशातील भाषांत अवतरली होती, हे वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे.

हा प्रवाह फार काळ टिकला नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज शासनाने स्थानिक भाषेच्या वापरावर निर्बंध घालणारा आदेश काढला. १५६० पासून कार्यरत असलेल्या धर्मन्यायपीठाने १७३६ मध्ये काढलेल्या फर्मानाद्वारे जन्म, विवाह व मृत्यू या प्रसंगी नवख्रिस्तींनी पूर्वीच्या चालीरीती पाळण्यास मनाई केली. तरीही आचार संपूर्णपणे पुसले गेले नाहीत. गोव्यातील कॅथलिक कुटुंबांत लग्नापूर्वी दिवंगत पूर्वजांच्या स्मरणार्थ गरिबांना जेवू घालण्याची 'भिकाऱ्यांचे जेवण' ही चाल दीर्घकाळ टिकून राहिली. शासनाने बंदी घातलेली पितृस्मरणाची प्रेरणा मृतात्म्यांसाठी दानधर्म या कॅथलिक चौकटीत सामावली गेली, असे या चालीचे वर्णन करता येईल.

गोव्याबाहेरच्या मराठी मुलखात आणखी एक विलक्षण घडामोड झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून आणण्यात आल्या आणि भीमाशंकर, मेणवली, नाशिकचे नारोशंकर मंदिर अशा ठिकाणी बसविल्या गेल्या. चर्चची घंटा केवळ प्रार्थनेची वेळ सांगत नाही, तर गावातील मृत्यूची वार्ताही देते. वसईच्या मृतांसाठी वाजणाऱ्या घंटा पुढे शिवालयांत वाजू लागल्या. युद्धाचा हा परिणाम दोन्ही समाजांच्या स्मृतीचा भाग आहे.

४. पुण्यातील कॅथलिक वस्ती व तिचे आश्रयदाते संत

वसईच्या विजयानंतर सुमारे अर्धशतकाने, त्याच पेशवाईच्या राजधानीत, कॅथलिकांना प्रार्थनास्थळासाठी जागा मिळाली. पेशव्यांच्या सैन्यात गोवेकर व अन्य ख्रिस्ती शिपाई आणि गोलंदाज होते. दों मिगेल द नोरोन्या या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या विनंतीवरून सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये क्वार्टर गेटजवळ ही जागा दिली. तेथे उभे राहिलेले चर्च आज सिटी चर्च म्हणून ओळखले जाते. ते निष्कलंक गर्भसंभवाच्या मरियेस समर्पित आहे.

या समर्पणाची छाननी केली असता एक ऐतिहासिक धागा हाती लागतो. निष्कलंक गर्भसंभवाचा सिद्धांत पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये, म्हणजे पुण्यातील चर्चच्या स्थापनेनंतर ६२ वर्षांनी, श्रद्धातत्त्व म्हणून घोषित केला. पोर्तुगालचा राजा चौथा जुआंव याने मात्र १६४६ मध्येच मरियेच्या या रूपास आपल्या राज्याची आश्रयदात्री म्हणून स्वीकारले होते. पणजीचे प्रसिद्ध चर्चही तिलाच समर्पित आहे. तेव्हा पुण्यातील पहिल्या चर्चचे नाव रोममधील धर्मशास्त्रीय घडामोडींतून आले नसून गोव्याच्या मार्गाने आले आहे, असा निष्कर्ष काढण्यास जागा आहे. ८ डिसेंबरचे फेस्त साजरे करणारा पेशव्यांचा गोवेकर शिपाई वस्तुतः आपल्या गावाचे स्मरण करीत होता.

१८१७ मध्ये खडकीच्या लढाईनंतर सत्तांतर झाले आणि पुणे व खडकी येथे इंग्रजांच्या लष्करी छावण्या उभ्या राहिल्या. पलटणींमध्ये आयरिश कॅथलिक सैनिकांचा भरणा मोठा होता. त्यांच्या सोयीसाठी १८५० च्या सुमारास लष्कर भागाच्या पूर्वेस उभारलेल्या चर्चला आयर्लंडचा आश्रयदाता संत पॅट्रिक याचे नाव मिळाले. १८५४ मध्ये पुण्याचा स्वतंत्र धर्मप्रशासकीय विभाग झाला आणि १८८६ मध्ये त्याचे रूपांतर धर्मप्रांतात होऊन जर्मन जेझुइट बर्नहार्ड बायडरलिंडेन हे पहिले बिशप झाले. संत पॅट्रिक चर्च पुढे धर्मप्रांताचे कॅथीड्रल म्हणून मान्य झाले. आयरिश पलटणी गेल्या, परंतु त्यांचा संत राहिला. आज त्या चर्चमध्ये प्रार्थना करणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाचे आयर्लंडशी नाते असेल.

छावणीबरोबर तमिळ भाषक कॅथलिक कामगार व व्यापारीही आले आणि त्यांच्याबरोबर वेलंकनी मातेची भक्ती आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइटांनी अहमदनगर जिल्ह्याच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) ग्रामीण भागात, मुख्यतः दलित समाजात, कार्य सुरू केले. तेथील मराठी कॅथलिक कुटुंबे विसाव्या शतकात शिक्षण व रोजगारासाठी पुण्यात स्थलांतरित झाली. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबरमध्ये भरणारी मतमाउलीची यात्रा हे या समाजाचे मोठे भक्तिकेंद्र होय. 'माउली' हा शब्द वारकऱ्यांनी ज्ञानेश्वरांसाठी रूढ केला आणि मराठी कॅथलिकांनी तोच मरियेसाठी स्वीकारला. मरियेच्या जन्माचा ८ सप्टेंबर हा एकच सण वांद्र्याला, वेलंकनीला आणि हरेगावला मानणारे तीन निरनिराळे समूह एकाच वेळी साजरा करतात. पुण्यातील धर्मग्रामांत हे तिन्ही समूह एकत्र येतात.

या साऱ्यावरून असे दिसते की, पुण्यातील संतांची नामावली ही वस्तुतः स्थलांतराची नामावली आहे. चर्चचे नाव, फेस्ताची तारीख आणि घरातील मूर्ती यांवरून कुटुंबाचा मार्ग शोधता येतो.

५. आक्षेप व शब्दांचा पेच

पुण्यातील ख्रिस्ती समाज एकजिनसी नव्हता. स्कॉटिश व अमेरिकन मिशनच्या प्रोटेस्टंट परंपरेस संतांची मध्यस्थी व मृतांसाठी प्रार्थना या दोन्ही गोष्टी अमान्य होत्या. इंग्लंडच्या चर्चच्या ३९ कलमांपैकी बाविसावे कलम शुद्धिस्थान व संतांचा धावा यांविषयीच्या रोमन शिकवणीस स्पष्ट नकार देते. तथापि गुरुवार पेठेतील पंचहौद मिशन चालविणारे काउली फादर हे त्याच अँग्लिकन चर्चमधील कॅथलिक वळणाच्या गटाचे होते आणि या गटात मृतांसाठी प्रार्थनेस स्थान होते. १८९० च्या चहा प्रकरणामुळे पुण्याच्या सामाजिक इतिहासात गाजलेले हे मिशन, ख्रिस्ती धर्मांतर्गत मतभेदांच्या दृष्टीनेही अभ्यासनीय आहे.

या वादातील एक अडचण मराठी वाचकाच्या विशेष अनुभवाची होती. मृतांसाठी प्रार्थनेचा प्रमुख शास्त्राधार मानले जाणारे मक्काबी ग्रंथ प्रोटेस्टंट परंपरेत प्रमाणभूत मानले जात नाहीत. ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने १८२० च्या दशकातील तीव्र वादानंतर असे ग्रंथ छापावयाचे नाहीत असे ठरविले. त्यामुळे मराठीत सर्वत्र प्रचलित झालेल्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आली. कॅथलिक सूचीतील ७३ आली नाहीत. परिणामी कॅथलिक व्यक्तीने जो आधार सांगावा तो समोरच्याच्या हातातील ग्रंथात नाही, अशी स्थिती निर्माण झाली. अनेक वाद मतभेदामुळे जितके चिघळले तितकेच ग्रंथभेदामुळेही चिघळले असावेत.

दुसरा पेच 'संत' या शब्दाचा आहे. लॅटिन 'सांक्तुस' आणि मराठी 'संत' हे शब्द ध्वनीने जवळचे असले तरी व्युत्पत्तीने भिन्न आहेत. पहिल्याचा मूळ अर्थ विधिपूर्वक पवित्र केलेला असा, तर दुसरा 'सत्' या संस्कृत धातुसाधितापासून आलेला. मराठी संताला कोणतीही संस्था संतपद देत नाही. लोकमान्यता आणि वाणी यांतून ते सिद्ध होते. कॅथलिक संताची मात्र चौकशी होते, साक्षी तपासल्या जातात, चमत्कारांची छाननी होते. वसईचा गोन्सालो गार्सिया याचे उदाहरण बोलके आहे. १५९७ मध्ये नागासाकी येथे त्याला क्रूसावर ठार मारण्यात आले, १६२७ मध्ये त्यास धन्यवादित घोषित करण्यात आले आणि संतपद मिळण्यास १८६२ साल उजाडले. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत ठरण्यास मृत्यूनंतर २६५ वर्षे लागली.

विशेष असे की, संतांचा धावा न करणाऱ्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनीच महाराष्ट्रीय संतांना इंग्रजीत 'सेंट' हे बिरुद लावले. पुण्यात कार्य केलेले निकोल मॅक्निकल यांचा मराठा संतांच्या अभंगांचा अनुवाद १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. जस्टिन अ‍ॅबट यांची महाराष्ट्रातील संतकवींवरील ग्रंथमाला १९२० च्या दशकात पुण्यातून निघू लागली. कॅथलिक बाजूने फ्रेंच जेझुइट गी दलरी यांचा विठोबाच्या उपासनेवरील प्रबंध डेक्कन कॉलेजने १९६० मध्ये प्रकाशित केला. आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात आणि ज्ञानेश्वरांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात मुक्काम करते. सिटी चर्च या दोन्ही मंदिरांपासून फार दूर नाही. एका परंपरेत पादुका पालखीतून निघतात, दुसऱ्या परंपरेत फेस्ताच्या दिवशी मूर्तीची मिरवणूक निघते. या साम्यावरून दोन्ही परंपरा एकच आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंतु शेजाऱ्याचा आचार समजून घेण्याची भाषा पुणेकरांजवळ आधीच होती, एवढे निश्चित म्हणता येते.

६. नोव्हेंबर महिना : आचाराचे आजचे स्वरूप

कॅथलिक कुटुंबात मृत्यूनंतर दफनविधीची मिस्सा, सातव्या व तिसाव्या दिवशीची मिस्सा आणि वर्षदिनाची मिस्सा असा क्रम सामान्यतः पाळला जातो. २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन कबरी स्वच्छ करणे, झेंडूची फुले वाहणे, मेणबत्त्या लावणे आणि धर्मगुरूंकडून कबरींवर पवित्र जल शिंपडून घेणे हा नित्याचा आचार आहे. नोव्हेंबर महिनाभर मृतांची नावे चर्चमध्ये देऊन त्यांच्यासाठी प्रार्थना केली जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, ऑगस्ट १९१५ मध्ये, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी २ नोव्हेंबरला प्रत्येक धर्मगुरूस तीन मिस्सा अर्पण करण्याची अनुमती दिली. युद्धात असंख्य माणसे मरत होती आणि त्यांच्या कबरींचाही पत्ता नव्हता, ही त्यामागील पार्श्वभूमी होती.

श्राद्धविधीशी या आचाराची तुलना वारंवार केली जाते. मृतांप्रति कर्तव्य, ठराविक दिवस, दानधर्म ही साम्ये उघड आहेत. भेद मात्र मूलभूत आहे. श्राद्धाचा अधिकार व कर्तव्य वंशपरंपरेने, विशेषतः पुत्रपरंपरेने, ठरते. कॅथलिक विधीत प्रार्थना करणाऱ्याचे मृताशी रक्ताचे नाते असणे आवश्यक नाही. २ नोव्हेंबरची प्रार्थना तर ज्यांच्यासाठी प्रार्थना करणारे कोणीही उरलेले नाही अशांनाही सामावून घेते. सर्वपित्री अमावास्येस तिथी अज्ञात असलेल्या पितरांचे श्राद्ध केले जाते. तेथे ही विश्वव्यापक भावना काही अंशी जवळ येते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानाच्या सातव्या प्रकरणात या धारणेची पुन्हा मांडणी केली आणि संतवंदनेचे मर्म बाह्य कृतींच्या संख्येत नसून प्रेमाच्या उत्कटतेत आहे यावर भर दिला. स्थानिक भाषेतील उपासनेस १९६३ मध्येच अनुमती मिळाली होती. लॅटिन विधी व काळी वस्त्रे मागे पडून मराठी प्रार्थना आणि जांभळी वा पांढरी वस्त्रे आली. दंडाच्या भीतीऐवजी पुनरुत्थानाच्या आशेवर भर देणारा हा बदल होता.

७. भूमीचा प्रश्न आणि स्मृतीचा प्रश्न

वाढत्या शहरात दफनासाठी जागा अपुरी पडू लागली आहे. कॅथलिक धर्मपीठाने १९६३ मध्ये दहनावरील बंदी उठविली. २०१६ च्या निर्देशात रक्षा पवित्र स्थळी जतन करावी, ती विखरू नये वा कुटुंबीयांत वाटू नये, असे सांगण्यात आले. डिसेंबर २०२३ मधील खुलाशाने अनेकांच्या रक्षा एकत्र ठेवण्याच्या सामुदायिक स्थळास, तसेच अल्प अंश अन्य महत्त्वाच्या ठिकाणी जतन करण्यास, अटींसह अनुमती दिली. मात्र प्रत्येक मृताचे नाव नोंदलेले असावे हा आग्रह कायम ठेवला. जागेच्या टंचाईवर उपाय काढताना नावाचा लोप होऊ नये, ही यामागील भूमिका होय. इंद्रायणीत रक्षाविसर्जन पाहत वाढलेल्या मराठी कॅथलिकास हा नियम काहीसा कठोर वाटणे स्वाभाविक आहे. तथापि त्यामागील तर्क या निबंधात वर्णिलेल्या धारणेशी सुसंगत आहे.

कोविडच्या साथीत हा प्रश्न तीव्र झाला. अंत्यविधीस मोजकेच लोक उपस्थित राहू शकत होते आणि दफनभूमीत एकत्र जमणे अशक्य होते. ऑक्टोबर २०२० मध्ये रोमने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापुरती असलेली दफनभूमी-भेटीची आध्यात्मिक सवलत संपूर्ण महिन्यापर्यंत वाढविली आणि घरी राहून प्रार्थना करणाऱ्या वृद्ध व आजारी व्यक्तींनाही ती लागू केली. मोनिकेच्या इच्छेतील तत्त्वच येथे पुन्हा उपयोगी पडले. स्थळ दुय्यम, स्मरण मुख्य.

इतिहासाच्या प्राध्यापकांसमोर यातून एक व्यावहारिक कार्य उभे राहते. भारतातील युरोपियनांच्या कबरींची नोंद करण्यासाठी १९७६ मध्ये लंडनमध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली. खडकी येथील युद्ध दफनभूमीची निगा राष्ट्रकुल युद्धकबर आयोग काटेकोरपणे राखतो. परंतु त्याच पलटणींबरोबर आलेले गोवेकर आचारी व बँडवाले, तमिळ कामगार, नगर जिल्ह्यातून आलेल्या मजूर स्त्रिया यांच्या कबरींवर बहुधा लाकडी क्रूस असे व तो काही पावसाळ्यांत नाहीसा होई. त्यांचे अस्तित्व सिद्ध करणारा पुरावा चर्चच्या मृत्युनोंदवहीतील एका ओळीत असतो. नाव, वय, गाव, कधी मृत्यूचे कारण. १८९७ च्या प्लेगसारख्या साथींचा सामाजिक इतिहास लिहिताना सरकारी अहवालांच्या जोडीला अशा नोंदी मिळाल्या, तर चित्र निश्चितच अधिक पूर्ण होईल. कागद मात्र पुण्याच्या दमट पावसाळ्यात चिरकाल टिकत नाहीत.

समारोप

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, संतवंदना व मृतांसाठी प्रार्थना हे दोन्ही आचार हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी व कुटुंबांच्या वेदीस्मरणातून वाढले आणि त्यांची सैद्धांतिक मांडणी नंतर झाली. दुसरी, मराठी प्रदेशात या आचारांनी प्रथम ओवीचा व नंतर 'माउली'सारख्या शब्दांचा आश्रय घेतला, तर सत्तेने त्यांच्यावर वेळोवेळी बंधने घातली. तिसरी, पुण्यातील आश्रयदाते संत हे शहराच्या स्थलांतराचा आलेख आहेत आणि २ नोव्हेंबरची प्रार्थना ही त्या आलेखातून सुटलेल्या माणसांची आठवण आहे.

श्रद्धावंत मनुष्य मृतांची नावे घेतो ती त्यांच्या सद्गतीसाठी. इतिहासकार तीच नावे वाचतो ती त्यांच्या जीवनाचा माग काढण्यासाठी. हेतू भिन्न असले तरी दोघांनाही नाव टिकून राहणे आवश्यक आहे. पुण्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी धर्मग्रामांच्या सहकार्याने आणि कुटुंबांच्या खासगीपणाचा मान राखून जुन्या नोंदवह्यांचे व शिलालेखांचे सूचीकरण हाती घेतल्यास, शहराच्या इतिहासातील एक मोठी उणीव भरून निघेल. हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतूनही होण्याजोगे आहे. दर पावसाळ्यागणिक मात्र त्यातील काही पाने कमी होत आहेत, याचे भान ठेवले पाहिजे.